डार्टमूरच्या माळावरचे दगड: मेंढ्यांचे कोंडवाडे की साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतं?

मागाहून वाचणाऱ्यांसाठी प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो. मूळचे साताऱ्याचे, आता एक्सेटरला राहणारे एक गृहस्थ सुट्टीच्या दिवशी डार्टमूरवर, म्हणजे नैऋत्य इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातल्या डोंगराळ माळरानावर, भटकायला जातात. हाउंड टॉरच्या (‘टॉर’ म्हणजे टेकडीच्या माथ्यावरचे उघडे खडक) परिसरात त्यांना गवतात बुडालेली दगडांची गोल कडी दिसली. शिवाय उतारावरून सरळसोट गेलेल्या, गुडघ्याएवढ्याही उंच नसलेल्या दगडांच्या रांगा दिसल्या. बरोबरच्या मंडळींनी सांगितलं की हे मेंढ्यांचे जुने कोंडवाडे. त्यांनी काही फोटोही पाठवले आहेत. या गृहस्थांचं विचारणं असं: हे खरंच कोंडवाडे आहेत का, काळ कसा ओळखायचा, आणि आपल्या दख्खनमध्ये शेती एवढी जुनी असून असं काही का दिसत नाही?

माझं शिक्षण डेक्कन कॉलेजातलं आणि नंतरचं बरंचसं काम नैऋत्य इंग्लंडच्या डोंगराळ मुलखातल्या सर्वेक्षणाचं, त्यामुळे तिसऱ्या प्रश्नावर मी जरा रेंगाळणार आहे. पण आधी कडी.

ती बहुतेक घरं आहेत. गडावर फिरताना आपण वाड्यांची जोती बघतो ना, तशीच ही जोती, फक्त गोल. आतला व्यास साधारण ३ ते १० मीटर. भिंत दुहेरी: आतून-बाहेरून मोठे दगड उभे किंवा आडवे लावायचे आणि मध्ये खडी-माती भरायची. वर लाकडी खांबांवर पेललेलं शंकूसारखं छप्पर असे, गवताचं किंवा तशाच कशाचं तरी. ते अर्थातच कुजून गेलं. डार्टमूरवर अशी सुमारे ५,००० घरं नोंदवली गेली आहेत. दार शोधा. ते बहुतेक वेळा दक्षिणेला किंवा आग्नेयेला असतं, म्हणजे अटलांटिकवरून येणाऱ्या वाऱ्याकडे पाठ आणि सकाळच्या उन्हाकडे तोंड. दाराच्या दोन्ही बाजूंना जरा मोठे उभे दगड दिसले की जवळजवळ नक्की समजा, हे घर आहे. मेंढ्यांचे अलीकडचे गोठे बहुधा चौकोनी असतात. त्यांच्या भिंती अजून कमरेपर्यंत उभ्या असतात आणि दगडांवरचं दगडफूल मात्र तेवढं जुनं दिसत नाही.

विदर्भातल्या वाचकांचा इथे गोंधळ होऊ शकतो. नागपूरजवळच्या जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड इथली शिळावर्तुळं ही लोहयुगातली दफनं आहेत, त्यामुळे दगडांचं वर्तुळ म्हटलं की आपल्या डोक्यात थडगं येतं. डार्टमूरवरही दफनाची वर्तुळं आहेत. पण त्यांच्यात दाराची फट नसते, मध्ये दगडांचा ढीग असतो किंवा दगडी फळ्यांची लहान पेटी असते, आणि ती सहसा एकटी, उंच जागी असतात. घरं समूहाने असतात, आडोशाला असतात आणि पाण्यापासून फार लांब नसतात.

आता रांगा. बहुतेक भटके त्यांच्यावरून पाय टाकून पुढे जातात, आणि माझ्या मते या माळावरची सगळ्यात मोलाची वस्तू तीच आहे. त्यांना इथे ‘रीव्ह’ म्हणतात. दिसायला एक बुटकी, पसरलेली, गवताने झाकलेली दगडांची वरंड. कोकणातल्या माणसाला मोडलेला गडगा वाटेल. पण एक रीव्ह धरून चालत राहा. शंभर मीटरवर तिला समांतर दुसरी दिसेल, मग तिसरी. मधूनमधून आडव्या रांगा त्यांना जोडतात आणि लांबट पट्टे पडतात. हे शेतांचे बांध आहेत. दोन रांगा जवळजवळ चालू लागल्या आणि मध्ये गाडीवाटेएवढी जागा राहिली, तर ती पाणंद आहे: गुरं शेतात न शिरता वर माळावर नेण्याची वाट. आणि वर जाता जाता सगळे समांतर बांध जिथे एकाच आडव्या लांब बांधाला येऊन थांबतात, तिथे शेतं संपली. त्या बांधाच्या पलीकडे उघडा माळ, आपल्या भाषेत गायरान. त्या शेवटच्या बांधावर उभं राहून एकदा खाली आणि एकदा वर बघितलं की सगळी रचना एका नजरेत कळते.

व्याप्ती ऐकून विश्वास बसत नाही. अशा समांतर शेतांनी डार्टमूरचे सुमारे १०,००० हेक्टर व्यापले आहेत. रिपन टॉर आणि डार्टमीट या दोन व्यवस्था सगळ्यात मोठ्या. तुम्ही हाउंड टॉरजवळ होतात म्हणजे बहुधा रिपन टॉर व्यवस्थेच्याच अंगणात होतात. डार्टमीटचे बांध डार्ट नदीच्या खोल दरीच्या एका काठावर थांबतात आणि पलीकडच्या काठावर त्याच दिशेने पुन्हा सुरू होतात, जणू दरी नाहीच. यांच्याशिवाय शेतांशी संबंध नसलेले, खोऱ्यांच्या मुलखाची वाटणी करणारे लांब बांधही आहेत. पश्चिमेकडचा ग्रेट वेस्टर्न रीव्ह १० किलोमीटरहून लांब आहे. त्याला शीवच म्हणावं लागेल.

हे सगळं डोळ्यांसमोर असून मान्य व्हायला फार वेळ लागला. एकोणिसाव्या शतकातल्या हौशी संशोधकांनी या रांगांची नोंद केली होती. काहींना त्या जुन्या वाटा वाटल्या. पुढे विसाव्या शतकात त्या मध्ययुगीन किंवा फुटकळ म्हणून बाजूला पडल्या आणि सगळ्यांचं लक्ष गोल घरं, उभे दगड आणि थडग्यांकडे गेलं. १९७० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ अँड्र्यू फ्लेमिंग यांनी मैलोन्‌मैल चालत त्या पुन्हा नकाशावर आणल्या आणि त्या कांस्ययुगातल्या आहेत हे दाखवून दिलं. होल्न मूरवरच्या त्यांच्या उत्खननात दगडी बांधांखाली खांबांचे खळगे मिळाले, म्हणजे आधी लाकडी कुंपण होतं आणि दगड नंतर आले. त्याच सुमारास नैऋत्येला शॉ मूरवर चिनी मातीच्या खाणींचा राडारोडा टाकायचा होता, म्हणून जेफ वेनराइट यांच्या हाताखाली मोठं बचाव-उत्खनन झालं. तिथे बांधाशेजारच्या चरात गुरामेंढ्यांच्या खुरांचे ठसे जसेच्या तसे सापडले. दोन्ही ठिकाणच्या रेडिओकार्बन तारखांवरून बांधांचा काळ ढोबळमानाने इ.स.पू. १७०० ते १५०० च्या दरम्यान पडतो.

मग ही एवढी सरळ आखणी केली कोणी? फ्लेमिंग यांचं म्हणणं असं की मोठ्या समाजांनी ठरवून, एका झटक्यात नव्हे पण एका आराखड्यानुसार, जमीन वाटून घेतली. नंतर रॉबर्ट जॉन्स्टन आणि हेलन विकस्टेड यांनी याला हरकत घेतली. त्यांच्या मते एका कुटुंबाने एक बांध घातला, शेजाऱ्याने त्याची दिशा धरून दुसरा घातला, आणि पिढ्यान्‌पिढ्या असं चालून ‘आराखडा’ दिसू लागला. आखणारा कोणी नव्हता. जमिनीवर बांध तपासताना मला दुसऱ्या मताची पुष्टी जास्त वेळा दिसते: बांध मध्येच किंचित वळतो, जाडी बदलते, दगड लावण्याची पद्धत बदलते. चार हातांचं काम आहे हे कळतं. पण डार्ट दरीच्या दोन्ही काठांवर एकच दिशा कशी टिकली याचं समाधानकारक उत्तर त्या मतापाशीही नाही, त्यामुळे फ्लेमिंग यांना मोडीत काढायची घाई मी करणार नाही.

पिकवत काय होते? ‘शेत’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पीक येतं, आणि इथेच सावध राहायला हवं. पीटमधले (म्हणजे दलदलीत साचलेल्या, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरातले) आणि बांधाखालच्या जुन्या मातीतले परागकण तपासले तर धान्याचं प्रमाण फार कमी, गवताचं आणि चराईच्या जागी उगवणाऱ्या तणांचं जास्त. शॉव्हल डाउन भागातल्या राल्फ फाइफ आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासातही बांध घातले त्या सुमाराला झुडपी माळाचं चराऊ गवताळ कुरणात रूपांतर झालेलं दिसतं. म्हणजे या बांधांमधले बरेचसे पट्टे गुरामेंढ्यांसाठी राखलेली कुरणं होती. तुमच्या मित्रांचं ‘मेंढ्यांचं काहीतरी’ हे म्हणणं त्या अर्थाने पूर्ण चुकीचं नाही, फक्त काळ तीन हजार वर्षांनी चुकला. नांगरटही कुठे कुठे झाली होती. ती ओळखायची खूण बांधाच्या दोन बाजूंतल्या उंचीत असते. उतारावर नांगर चालला की माती सरकत खाली येते आणि बांधाच्या वरच्या अंगाला साठते, जशी आपल्याकडे शेताच्या तालीमागे साठते. एका बाजूने बांध सपाट आणि दुसऱ्या बाजूने हातभर उतरलेला दिसला, तर तिथे कुदळ-नांगर चाललेला असण्याची शक्यता धरायला हरकत नाही.

काळ ओळखण्याची खरी युक्ती कोण कोणावर चढलंय ते बघण्यात आहे. एकट्या दगडावरून काळ सांगता येत नाही, ग्रॅनाइट तर सगळा सारखाच. दोन गोष्टी एकमेकींना जिथे भेटतात ती जागा गाठा. बांध घराच्या भिंतीला येऊन टेकतो का? मग घर आधीचं. घराची भिंत बांधावर बसली आहे का? मग बांध आधीचा. बांध तिथे वळसा घेऊन घराला सामावून घेतो का? मग दोन्ही बहुधा बरोबरच्या हातचे. अशी पाच-सहा भेटीची ठिकाणं एका उतारावर तपासली की साधारण क्रम लागतो, कुदळही न मारता.

नंतरच्या काळाचे थरही त्याच माळावर पसरलेत, आणि ते न ओळखल्यामुळे बहुतेक घोळ होतात. हाउंड टॉरच्या पायथ्याशीच मध्ययुगीन वस्ती आहे. तिथली घरं लांबट आणि आयताकृती, एका टोकाला माणसं आणि उताराकडच्या टोकाला गुरं, मध्ये गटार. ती चौदाव्या-पंधराव्या शतकाच्या सुमाराला ओस पडली. लांबट घर दिसलं की कांस्ययुग विसरा. ओढ्यांच्या काठाने दिसणारे लांबलचक उंचवटे आणि चर हे कथील धुऊन काढणाऱ्यांचे. डिट्सवर्दीच्या बाजूला गवताच्या लांबट, उशीसारख्या ढिगाऱ्यांना हमखास कोणीतरी थडगी म्हणतं, पण ते सशांसाठी मुद्दाम रचलेले आहेत. तिथे सशांची शेती होती. मेरिव्हेलला तर गंमतच आहे: कांस्ययुगीन घरांच्या शेजारी एक अर्धवट घडवून सोडलेला मोठा गोल दगड पडलेला आहे. तो सफरचंदं चिरडायच्या घाण्याचा, अलीकडचाच. पण माणसं त्याच्याजवळ ‘प्राचीन वेदी’ म्हणून फोटो काढतात.

ग्रिम्सपाउंडबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं, कारण नवखा माणूस आधी तिथेच जातो. जाडजूड गोल तटाच्या आत सुमारे चार एकर जागा, २४ घरं, आणि आतून वाहणारा छोटा ओढा. देखणी जागा आहे. पण १८९४ साली साबिन बेअरिंग-गोल्ड, रॉबर्ट बर्नार्ड आणि त्यांच्या डार्टमूर समितीने उत्खनन करताना भिंतींचे काही भाग पुन्हा उभे केले. त्या वेळी त्यावर टीकाही झाली. त्यामुळे तिथल्या एखाद्या दगडाच्या रचनेवरून निष्कर्ष काढायचा मोह आवरा, तो कदाचित राणी व्हिक्टोरियाच्या काळात लावलेला असेल.

आता दख्खन. डार्टमूरवर बांध घातले जात होते त्याच सुमाराला, इ.स.पू. १६०० च्या आसपास, शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावची वस्ती सुरू झाली आणि इ.स.पू. ७०० पर्यंत टिकली. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मुख्य नावं. तिथे काय मिळालं बघा: शंभराहून जास्त घरं, जमिनीखाली कुंभांत पुरलेली लहान मुलं, जळालेलं धान्य, त्यात मुख्यतः जव, प्राण्यांची हाडं, धान्याची कोठारं, नदीचं पाणी वळवणारा पाट आणि बंधारा. त्या माणसांनी काय खाल्लं, कोणतं जनावर कोणत्या वयात कापलं, हे आपल्याला बऱ्यापैकी माहीत आहे.

आणि त्यांची शेतं? ती हाती लागलेली नाहीत. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, स्वतःच वरखाली होत राहते. शिवाय ती गेली तीन हजार वर्षं नांगराखाली आहे. बांध मातीचे असले तर ते कधीच जिरले, आणि काटेरी कुंपणं असली तर त्यांची राखही उरली नाही. डार्टमूरवर नेमकं उलटं आहे. ग्रॅनाइटवरची माती इतकी आम्लधर्मी की हाड टिकत नाही. एवढी ५,००० घरं असून त्यात राहिलेल्या माणसांचे सांगाडे जवळजवळ नाहीत, गुरांची हाडं नाहीत, धान्यही अगदीच किरकोळ. पण बांध दगडाचे, आणि नंतरच्या काळात एवढ्या उंचीवर नांगर फारसा गेला नाही, म्हणून शेतं शाबूत. इनामगावात घरचं सगळं आहे आणि शेत नाही, डार्टमूरवर शेत आहे आणि घरातलं काही नाही. आपल्याकडे ‘असं’ का दिसत नाही याचं उत्तर यातच आहे. आपल्याकडे ते नव्हतं म्हणून दिसत नाही, असा निष्कर्ष काढू नका. डेव्हनच्या सखल भागातही कांस्ययुगात शेती होतीच, पण तिथेही ती नांगराखाली पुसली गेली. टिकलं ते फक्त माळावर.

डार्टमूरवर एकदा मात्र नाजूक वस्तूही टिकल्या, त्याही पाणथळ पीटमुळे. २०११ साली उत्तर भागात व्हाइटहॉर्स हिलवर, सुमारे ६०० मीटर उंचीवर, पीटमध्ये दबलेली एक दगडी पेटी उघडली गेली. अस्वलाच्या कातड्यात गुंडाळलेली रक्षा, विणलेली टोपली, २०० हून जास्त मणी, त्यात अंबरचे, आणि कथिलाच्या टिकल्या लावलेला केसांचा गोफ. काळ इ.स.पू. सतराव्या शतकाच्या आगेमागे, म्हणजे पहिले बांध घातले गेले त्याच्या जवळपासचा. बांध घालणाऱ्या लोकांच्या अंगावर काय असे याची एवढीच एक झलक आपल्याकडे आहे.

वस्ती उठली का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण पुढे विचारालच. इ.स.पू. १००० च्या आसपास डार्टमूरवरच्या बहुतेक शेतांचा वापर थांबलेला दिसतो. नेहमीचं कारण सांगतात ते थंडी-पाऊस वाढल्याचं. इनामगावातही साधारण त्याच काळात घरं लहान आणि गोल होत जातात, शेती आकसते, आणि ढवळीकरांनी त्यामागे पाऊस घटणं मांडलं होतं. एकीकडे पाणी जास्त झालं, दुसरीकडे कमी. हवामान हा घटक मला मान्य आहे, पण डार्टमूरच्या बाबतीत तेवढ्यावर थांबणं मला पटत नाही. चराऊ माळ एका वर्षात ‘सोडला’ जात नाही. घरं खाली खोऱ्यात हलतात आणि गुरं उन्हाळ्यात वर येत राहतात. पुढची कित्येक शतकं, अगदी मध्ययुगातही, डेव्हनचे शेतकरी उन्हाळ्यात गुरं या माळावर आणत. काही ठिकाणी आजच्या शेतांच्या भिंतीही जुन्या रीव्हवरच उभ्या आहेत. तुम्ही माळावरचा एखादा बांध धरून खाली चालत आलात आणि तो कुंपणापलीकडच्या चालू शेताच्या बांधात जाऊन मिळाला, तर दचकू नका.

जायचं असेल तर फेब्रुवारी-मार्च. उन्हाळ्यात ब्रॅकन नावाचं नेचं छातीपर्यंत वाढतं आणि बांध पूर्ण गडप होतात. हिवाळ्याच्या अखेरीस ते वाळून पडलेलं असतं, आणि सकाळी नऊच्या किंवा दुपारी तीनच्या तिरप्या उन्हात हातभर उंचीचा बांधही सावली टाकतो. भर दुपारी जाऊन काही दिसलं नाही म्हणून परत येणारे पुष्कळ. निघण्याआधी घरी बसून लायडारची, म्हणजे विमानातून लेझरने मोजलेल्या जमिनीच्या उंचसखलपणाची, चित्रं बघा. एन्व्हायर्नमेंट एजन्सी या तिथल्या सरकारी संस्थेची ही माहिती फुकट मिळते, आणि त्यात नेचाखालची जमीन उघडी दिसते. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशा संस्थेचा डार्टमूरचा ओएल २८ नकाशा बरोबर ठेवा. त्यावर जुन्या वळणाच्या अक्षरांत ‘हट सर्कल’, ‘फील्ड सिस्टिम’ छापलेलं असतं. पण सगळे बांध त्यावर नाहीत, तेव्हा नकाशात नाही म्हणजे जमिनीवर नाही असं धरू नका. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी ग्रिम्सपाउंडऐवजी होरिज कॉमन किंवा केस टॉर सुचवेन. केस टॉरच्या पायथ्याशी घरं, बांध आणि पाणंद असं सगळं अर्ध्या दिवसात बघून होतं, आणि शॉव्हल डाउनच्या उभ्या दगडांच्या रांगा तिथून जवळच आहेत. त्या रांगा बांधांच्या आधीच्या आहेत, दोन्हींची गल्लत करू नका.

उत्तरेकडे जाणार असाल तर लष्कराच्या गोळीबाराच्या तारखा आधी बघा, लाल बावटा लागला असेल तर आत शिरायचं नाही. आणि एक कळकळीची विनंती: यातली बरीच ठिकाणं प्राचीन वास्तूंच्या १९७९ च्या कायद्याखाली संरक्षित आहेत, तिथे परवानगीशिवाय मेटल डिटेक्टर चालवणं गुन्हा आहे. पडलेले दगड उचलून एकावर एक रचायची जी टूम निघाली आहे, तिच्यात भाग घेऊ नका. तो दगड जिथे पडलाय तिथेच त्याचा उपयोग आहे.

तुमच्या फोटोंपैकी तिसऱ्यात जी रांग डावीकडून येऊन दगडांच्या गोल कड्याला टेकते, ती मला सगळ्यात रंजक वाटते. फोटो अर्धवट कापला गेला आहे, त्यामुळे ती कड्यापाशी थांबते की पुढे जाते हे कळत नाही. परत गेलात तर भेटीच्या जागेचा जवळून एक फोटो घ्या, शेजारी पाण्याची बाटली ठेवा म्हणजे माप कळेल, आणि त्या जागेचा नकाशावरचा ग्रिड संदर्भ लिहून पाठवा. मग घर आधीचं की बांध, ते सांगता येईल.